घरात न आलेला वस्तरा

हाताने घडवलेल्या वस्तऱ्याला जगात पुन्हा चांगले दिवस आले आहेत. अमेरिकेत आणि युरोपात एकेकटे कारागीर गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे पाते घडवतात, त्याला मूठ बसवतात आणि असा वस्तरा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू म्हणून विकला जातो. या हौसेत हस्तिदंती मुठीला फार वरचे स्थान आहे. जुना, अस्सल, खानदानी वस्तरा म्हणजे हस्तिदंती मुठीचा, हे समीकरण इतके रुळले आहे की आपल्याकडेही जुन्या वस्तूंचे शौकीन तेच खरे मानून चालतात. नाशिकसारख्या गावाच्या संदर्भात हे समीकरण तपासून पाहण्यासारखे आहे, कारण या गावात वस्तरा शतकानुशतके रोज चालत आला आणि तो केवळ दाढीसाठी नव्हे, तर धर्मकृत्याचा भाग म्हणून चालला. माझे म्हणणे असे की, हस्तिदंती मूठ वस्तऱ्याच्या खासगी मालकीबरोबर येते. नाशिकचा वस्तरा घरमालकाचा कधीच नव्हता. तो नाभिकाचा होता, त्याच्या धोकटीत राहत होता आणि काम संपले की घराबाहेर पडत होता. म्हणून त्याचा मोठेपणा मुठीत शोधला तर हाती काही लागत नाही. तो धारेत आणि ती धार सांभाळणाऱ्या हातात शोधावा लागतो.

आधी नाशिकमध्ये वस्तऱ्याचे काम काय होते ते पाहू. तीर्थावर पोहोचल्यावर मुंडन आणि उपवास करावा, असा धर्मशास्त्राचा सर्वसाधारण नियम आहे. कुरुक्षेत्र, विशाला, विरजा आणि गया ही स्थळे त्याला अपवाद म्हणून सांगितली आहेत. गोदावरी त्या अपवादांत नाही. त्यामुळे रामकुंडावर स्नान, श्राद्ध आणि क्षौर ही कृत्ये एकमेकांना जोडूनच आली. दशक्रियेला आलेल्या माणसाचे क्षौर, त्र्यंबकेश्वरी विधीला बसणाऱ्याचे क्षौर, नवसाने ठेवलेले लहान मुलाचे जावळ, आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थात लोटणारा यात्रेकरूंचा पूर, या सगळ्यांना वस्तरा लागे. १८६० च्या दशकात रेल्वे घाट चढून आली तेव्हा ही गर्दी आणखी वाढली. यजमान दूर देशाहून येई, उपाध्याय त्याच्या कुळाची नोंद वहीत करी, आणि नाभिक त्याचे डोके क्षौर करून त्याला पुढच्या विधीला मोकळा करी. गावखेड्यांत हाच नाभिक बलुतेदार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ज्या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले, तिच्यात तो सुतार, लोहार, कुंभार यांच्या पंगतीत बसतो आणि कामाचा मोबदला खळ्यावरच्या धान्याने घेतो. तीर्थावर दक्षिणा रोख मिळो की गावात बलुते धान्याने, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, वाटी, आरसा आणि पट्टा हा सारा संच नाभिकाचा. ज्याच्या डोक्यावर तो चालतो त्याचा त्यावर कसलाही हक्क नव्हता.

अशा हत्याराची किंमत कशाने ठरत असेल? त्याच्या धारेने, आणि धारेबद्दलचा आपल्याकडचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माच्या शस्त्रांचा अध्याय आहे. छेद घेणाऱ्या शस्त्राची धार अर्ध्या केसाइतकी सूक्ष्म हवी, धार केस कापू लागली म्हणजे शस्त्र वापरायला योग्य झाले, असे तो सांगतो. पाणी देण्याचे तीन प्रकार तो देतो: क्षारात, पाण्यात आणि तेलात. शस्त्र पाजळण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड घ्यावा आणि पाजळून झालेली धार स्थिर करण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. दगडावर धार काढायची आणि मग मऊ पृष्ठभागावर ती बसवायची, ही दोन टप्प्यांची रीत आजही वस्तरा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. सावरीच्या फळीच्या जागी चामड्याचा पट्टा आला एवढेच. सुश्रुताने शस्त्राची शोभा सांगितली नाही असे नाही. शस्त्र नीट धरता येणारे, चांगल्या लोखंडाचे, चांगल्या धारेचे आणि दिसायला सुरेख असावे, असे गुण तो मोजतो. पण धरता येणे हा हाताचा प्रश्न आहे आणि मूठ कशाची असावी हा निराळा. दख्खनमध्ये लोहाराने पाते घडवायचे, शिकलगाराने ते घासून उजळायचे आणि नाभिकाने रोज पाजळून जिवंत ठेवायचे, अशी कामाची वाटणी होती. पाते रोज दगडावर जाते तेव्हा ते रोज थोडे झिजते. वर्षानुवर्षे वापरलेला वस्तरा निमुळता होत जातो आणि अखेर टाकून द्यावा लागतो. असे झिजणारे पाते आणि त्याला न झिजणारी महागडी मूठ, हा व्यवहार कारागिराच्या हिशेबात बसत नाही. साधे लोखंड, पितळ, लाकूड किंवा शिंग त्याच्या कामाला पुरेसे होते.

मग हस्तिदंत आपल्याकडे नव्हता का? भरपूर होता आणि फार पूर्वीपासून होता. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण हे कोरीव काम केल्याची नोंद करून ठेवली आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, ‘पेरिप्लस’मध्ये, भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंत आहे, आणि पैठण व तेर या शहरांतून भडोचकडे गाड्या जात हेही त्यातच आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या आहेत. म्हणजे सातवाहनकाळी, नाशिकची त्रिरश्मी लेणी कोरली जात असताना, याच मुलखात हस्तिदंत ओळखीचा होता. पुढच्या काळात तो फण्यांत, सोंगट्यांत, बुद्धिबळाच्या मोहऱ्यांत, पेट्यांवरच्या जडावात आणि कट्यारीच्या मुठीत येतो. यातली फणी आपल्या प्रश्नासाठी सर्वांत बोलकी आहे. फणी आणि वस्तरा दोन्ही केसांवर चालतात. हस्तिदंती फणी मात्र घराघरांतली अभिमानाची वस्तू झाली आणि हस्तिदंती वस्तरा झाला नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मराठी घरातल्या रोजच्या वस्तू ज्या प्रेमाने जमवल्या आहेत त्या पाहिल्या की यामागचे सूत्र ध्यानात येते. अडकित्त्यांना पोपट-मोर फुटले, पाय घासायच्या वज्रींवर घुंगरे आणि हत्ती बसले, कुंकवाच्या करंड्यांना आणि फणेरपेट्यांना नक्षी आली. यांपैकी कोणतीच वस्तू वस्तऱ्यापेक्षा अधिक पवित्र होती म्हणून नटली नाही. ती घरची होती, कुणाच्या तरी नावाची होती, लेकीला देता येत होती, पाहुण्यापुढे ठेवता येत होती. शोभा अशा वस्तूवर चढते, कारण तिला बघणारे आणि मिरवणारे कायमचे घर मिळालेले असते.

यावर पहिला आक्षेप शुद्धाशुद्धतेचा येईल. हस्तिदंत म्हणजे मेलेल्या प्राण्याचा दात. तो विधीच्या हत्याराला चालला नसेल, म्हणून वापरला नसेल, असे कुणी म्हणू शकेल. ग्रंथांचा पुरावा याच्या विरुद्ध आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शंख, शिंग, हाड आणि दात यांच्या वस्तू क्षौमवस्त्राप्रमाणे किंवा गोमूत्राने, पाण्याने शुद्ध होतात, असे सांगितले आहे. ज्या पदार्थाला शुद्धीचा उपाय सांगितलेला आहे तो मुळात वर्ज्य नसतो. बौद्ध परंपरेत एक निर्बंध आढळतो, पण त्याचेही कारण निराळे आहे. पाली विनयपिटकात भिक्षूने हाड, हस्तिदंत किंवा शिंग यांचे सुईघर करून घेऊ नये, केले तर ते फोडावे, असा नियम आहे. आणि तो का झाला याची कथा सांगते की, एका हस्तिदंत कारागिराने भिक्षूंना सुईघरे देऊ केली, भिक्षूंनी इतकी मागणी केली की त्याला स्वतःचा धंदा करता येईना आणि बायकामुलांची आबाळ होऊ लागली. म्हणजे आक्षेप साहित्याच्या अशुद्धतेवर नव्हता, हव्यासावर होता. त्याच विनयात वस्तरा, त्याचा दगड आणि त्याची पिशवी बाळगायला मात्र परवानगी आहे. लेण्यांत राहणाऱ्या मुंडित भिक्षूला वस्तरा गरजेचा होता आणि तो साधाच असणे अपेक्षित होते. अशुद्धतेचा विचार नाशिकच्या वस्तऱ्याला लागू पडतो तो दुसऱ्या ठिकाणी. क्षौर झाल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचे नाही, हजामत अंगणात किंवा पडवीत करायची, कापलेले केस घरात येऊ द्यायचे नाहीत, हा आचार सर्वत्र होता. त्यामुळे वस्तऱ्याला माजघरात, फडताळात किंवा फणेरपेटीशेजारी जागा मिळणे शक्यच नव्हते. दाताला घराचे दार उघडे होते. वस्तऱ्याला ते बंद होते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. नाभिक गरीब होता, हस्तिदंत महाग होता, एवढ्यावर सगळे सुटते, मग मालकीचा सिद्धांत कशाला, असे विचारता येईल. नाभिकापुरते हे खरे आहे. पण नाशिकमध्ये पैसेवाले कमी नव्हते. पेशवाईत हे गाव सरदारांचे, सावकारांचे आणि पेशव्यांच्या कुटुंबाचे आवडते ठिकाण होते. गोपिकाबाईंचे अखेरचे वास्तव्य याच परिसरात झाले, राघोबादादा आणि आनंदीबाई आनंदवल्लीला राहिले, सरकारवाडा आजही सराफ बाजाराजवळ उभा आहे. ज्यांच्या कट्यारीला किमती मूठ असे त्यांना वस्तऱ्याला तशी मूठ बसवून घेणे अवघड नव्हते. तरीही वस्तरा ही पेशवाई श्रीमंतीच्या ओळखीची वस्तू झाली नाही. याचे कारण उघड आहे: श्रीमंत माणूसही स्वतःची हजामत स्वतः करत नव्हता. घेरा राखणे, शेंडी सोडून डोके करणे, ही कामे आरशात पाहून एका हाताने होणारी नव्हेत. त्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, आणि तो हात आपले हत्यार घेऊन येतो. नाशिकची कारागिरीही हेच सांगते. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या तांब्यापितळेच्या कामाची दखल आहे. तांबट लेनचे नाव आजही त्या धंद्याची साक्ष देते. यात्रेकरू घरी परतताना इथून गडू, तांब्या, समई, देवांच्या मूर्ती नेई. ज्या वस्तू त्याच्या घरी जाणार होत्या त्यांवर तांबटाने कौशल्य ओतले. ज्या वस्तऱ्याने त्याचे डोके केले तो मात्र घाटावरच राहिला आणि पुढच्या यजमानाकडे वळला.

हस्तिदंती मुठीचा वस्तरा जिथे खरोखर घडला तिथली परिस्थिती नेमकी उलटी होती, आणि हाच माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा वाटतो. १७६९ साली पॅरिसच्या झाँ-झाक पेरे या कसबी चाकूकाराने पुरुषांना स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारे पुस्तक लिहिले. त्याच्या आधी काही दशके शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवलेले एकजिनसी पोलाद तयार केले होते, आणि त्यातून पातळ, पोकळ घासलेली पाती बनू लागली. स्वतः दाढी करणारा सद्‌गृहस्थ आणि त्याच्या टेबलावर ठेवायचा वस्तरा असे दोघे मिळून एक नवा बाजार उभा राहिला. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात वस्तऱ्यांची मखमली पेटी ही त्या बाजाराची निर्मिती. जोसेफ रॉजर्ससारख्या शेफील्डच्या पेढ्यांच्या कोठारांत हत्तीचे सुळे रचून ठेवलेले असत. पण या वस्तूत आपला मुलूख दोन वाटांनी मिसळला होता. पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांझिबारहून कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईला येई. काही काठेवाड-राजपुतान्यातल्या चुड्यांसाठी जाई आणि बराचसा पुढे लंडनला. दुसरी वाट पोलादाची. १७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला वुट्झ या देशी पोलादाचे नमुने पाठवले आणि पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सनने त्यांवरचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकूकाराने त्याचे पाते करून त्याची वाखाणणी केली. पुढे १८२० च्या सुमारास त्याने मायकेल फॅरडेबरोबर मिश्र पोलादाचे प्रयोग केले, आणि त्या पोलादाचे वस्तरे फॅरडेने मित्रांना भेट दिले. असे पोलाद तेलंगणात निर्मळजवळच्या कोनासमुद्रमसारख्या गावांत, म्हणजे आपल्या गोदावरीच्याच खोऱ्यात बनत होते आणि ते घ्यायला इराणी व्यापारी तिथवर येत. पोलादाचे ज्ञान आपले होते, सुळ्यांची पेठ मुंबई होती. तरी या दोघांचा मिलाप होऊन हस्तिदंती वस्तरा दख्खनमध्ये झाला नाही, शेफील्डमध्ये झाला. कच्चा माल, कसब आणि श्रीमंती असूनही एखादी वस्तू एखाद्या प्रदेशात जन्म घेत नसेल, तर तिथे तिला लागणारे नाते नव्हते, असाच निष्कर्ष निघतो. इथे नसलेले नाते म्हणजे वस्तऱ्याचा मालक आणि वस्तरा लावून घेणारा एकच असणे.

तिसरा आक्षेप जुन्या वस्तूंच्या बाजारातून येतो. जुन्या वाड्यांतून, लिलावांतून पांढऱ्या मुठीचे वस्तरे मिळतात, मग आपल्याकडे हस्तिदंती वस्तरा नव्हता कसे म्हणता? इंग्रजी अमलात शेफील्डचा माल इथे विकला गेला आणि काही हौशी घरांत तो पोहोचला, हे मान्यच आहे. पण पांढरी मूठ म्हणजे हस्तिदंत हा समज मोडायला हवा. १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड बाजारात आले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना ते पुढे आले होते. त्यानंतर हस्तिदंतासारख्या रेघा मुद्दाम उठवलेल्या सेल्युलॉइडच्या मुठी सर्वत्र पसरल्या. शिवाय हाडाच्या मुठीही असत. खऱ्या सुळ्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते, हाडावर सूक्ष्म छिद्रे दिसतात, आणि सेल्युलॉइड जुने झाले की त्यातून निघणाऱ्या आम्लाने शेजारचे पातेच गंजते. ही पारख न करता मांडलेला ‘हस्तिदंती’ वारसा पुष्कळदा कारखान्यातला निघेल. दुसरी गोष्ट अशी की, ज्यांच्याकडे स्वतःचे वस्तरे होते तेही इथे आल्यावर बदलले. ब्रिटिश छावण्यांतला गोरा शिपाई पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या देशी नाभिकाकडून दाढी करून घेई, हे त्या काळच्या आठवणींत नोंदलेले आहे. नाशिकशेजारच्या देवळालीची छावणी याच व्यवस्थेचा भाग होती. आणि मराठी मध्यमवर्ग जेव्हा स्वतःची दाढी स्वतः करू लागला, तेव्हा त्याच्या हातात आला तो सेफ्टी रेझर. किंग कँप जिलेटला त्याचे पेटंट १९०४ साली मिळाले आणि पहिल्या महायुद्धानंतर तो जगभर गेला. आपल्या बहुसंख्य घरांत नाभिकाच्या वस्तऱ्यानंतर थेट पत्र्याचे ब्लेड आले. मधली, खासगी हस्तिदंती वस्तऱ्याची पायरी आपण चढलोच नाही.

वस्तरा धरणाऱ्याच्या हाती होता, घरमालकाच्या नव्हता, या गोष्टीला सामाजिक इतिहासात फार मोठा अर्थ आहे आणि तो दोन्ही बाजूंनी सांगितला पाहिजे. याच वस्तऱ्याने विधवांचे केशवपन केले. उच्चवर्णीय घरातल्या बाईचा नवरा गेला की तिचे केस सक्तीने उतरवले जात, आणि हे कृत्य तीर्थक्षेत्री घडले की त्याला पुण्याचे पांघरूण मिळे. नाशिकचा वस्तरा या क्रौर्यापासून दूर होता असे कुणी म्हणू नये. पण ते थांबवण्याचे पाऊलही वस्तऱ्याच्या मालकांनीच उचलले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा निर्धार झाला. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पेटीत वस्तरा असता तर अशा निर्धाराला काही अर्थ उरला नसता. हत्यार आपले, हात आपला, म्हणून नकार देण्याचा अधिकारही आपला, हे त्या सभेने दाखवून दिले. दुसरी बाजू तितकीच कठोर आहे. याच हाताने दलितांना नकार दिला. गावोगाव महार-मांगांच्या डोक्याला सवर्णांचा नाभिक वस्तरा लावत नसे. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, त्या नाशिकमध्ये देवळाचे दार, कुंडाचे पाणी आणि नाभिकाचा वस्तरा या तिन्हींवर एकच पहारा होता. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा या साऱ्या बंद दारांचा हिशेब तिच्यात होता. वस्तऱ्याचा इतिहास लिहायचा तर तो कुणाच्या डोक्याला लागला, कुणाच्या डोक्याला जबरीने लागला आणि कुणाला नाकारला गेला, याचा लिहावा लागतो. मुठीच्या कौतुकात यातले काहीच येत नाही.

आज हा प्रश्न पुन्हा उभा राहतो तो नव्या कारागिरांमुळे. एखाद्या तरुण लोहकाराने नाशिकमध्ये हाताने वस्तरे घडवायचे ठरवले तर त्याने मूठ कशाची करावी? कायद्याचे उत्तर सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे, १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेला आफ्रिकी हस्तिदंतही त्यात आला, आणि गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर आफ्रिकी हत्तीच्या सुळ्यांच्या व्यापारावरची बंदी वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९८९ मधल्या बैठकीत ठरली. यावर असे म्हटले जाते की, जुन्या सुळ्याचा हत्ती कधीच मेलेला आहे. त्याचा तुकडा कलाकृतीत गेला तर कुणाचे काय बिघडते? किंवा सैबेरियाच्या बर्फातून निघणारे मॅमथचे सुळे वापरले तर कुठल्याच जिवंत प्राण्याला धक्का लागत नाही. या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. तुकडा जुना असला तरी त्याची प्रतिष्ठा जुनी राहत नाही. ती आजच्या बाजारात भाव वाढवते आणि नव्या सुळ्याला जुना म्हणून खपवण्याची वाट मोकळी करते. कायद्याने खासगी मालकीच्या जुन्या वस्तूंची नोंद मागितली तीही याच भीतीने. मॅमथच्या नावाखाली हत्तीचा सुळा विकणे किती सोपे आहे, हे पारखण्याची अडचण ओळखणाऱ्याला सांगायला नको. पण मला कायद्यापेक्षाही परंपरेचे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. नाशिकच्या कारागिराला हस्तिदंत नाकारताना आपण काही वारसा सोडतो आहोत असे वाटण्याचे कारण नाही. त्याच्या मुलखातल्या वस्तऱ्याने तो कधी मागितलाच नव्हता. शिसवी लाकूड, पितळ, म्हशीचे शिंग ही साधने त्याच्या जवळ आहेत, आणि ओल्या हातात न सरकणारी, पात्याशी तोल राखणारी मूठ यांतून उत्तम होते.

एक शंका अजून उरते. वस्तू जपली नाही तर स्मृतीही जात नाही का? शेफील्डचे हस्तिदंती वस्तरे संग्रहालयांत आहेत, त्यांवर घडवणाऱ्या पेढीचे नाव कोरलेले आहे, म्हणून त्यांचा इतिहास लिहिता येतो. आपले वस्तरे झिजून संपले, त्यांच्याविषयी सांगायचे कशाच्या आधाराने? ही अडचण खरी आहे आणि तिचा परिणाम आपण भोगतोच आहोत. टिकाऊ मुठीने मालकाची आठवण राखली. झिजलेल्या पात्याने कारागिराची राखली नाही. पण यातून निघणारा धडा महागड्या मुठीचा नाही, नोंदीचा आहे. नाभिकाची धोकटी, तिच्यातले प्रत्येक हत्यार, ते कुणाकडून घडवून घेतले जाई, पाते दगडावर कोणत्या कोनात फिरवायचे, लहान मुलाच्या टाळूवर हात किती हलका ठेवायचा, हे ज्ञान बोलून आणि करून दाखवून दिले जाणारे आहे. गेल्या काही दशकांत संसर्गाच्या भीतीने वस्तऱ्याची जागा ब्लेड बसवायच्या दांड्याने घेतली, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. प्रत्येक डोक्याला नवे पाते मिळणे हे कुठल्याही जुन्या कौतुकापेक्षा मोलाचे आहे. त्याबरोबर पाजळण्याची विद्या मात्र निकामी झाली आणि ती जाणणारे हात म्हातारे झाले. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये घाट, रस्ते आणि पूल बांधले जात आहेत. त्याच तयारीत या हातांची नोंद घेणे, त्यांच्या धोकट्या सरकारवाड्यासारख्या वास्तूत सन्मानाने ठेवणे, आणि त्यांच्या शेजारी १८९० च्या सभेचा आणि १९३० च्या सत्याग्रहाचा संदर्भ लिहिणे, हे शहराला सहज शक्य आहे. त्या कपाटात एकही हस्तिदंती मूठ नसेल. तरीही गोदाकाठी लाखो माणसांच्या डोक्यांवरून फिरलेल्या हत्याराची खरी हकिगत तिथे मिळेल, कारण तिथे वस्तऱ्याबरोबर तो धरणाऱ्याचे नावही लिहिलेले असेल.